पाय दाखवायला दवाखान्यात जागा हवी: महापालिका आयुक्तांना खुले पत्र

प्रति,
मा. आयुक्त, बृहन्मुंबई महानगरपालिका,
आणि मा. कार्यकारी आरोग्य अधिकारी, सार्वजनिक आरोग्य खाते.

विषय: महापालिकेच्या दवाखान्यांत पायांची तपासणी व प्राथमिक उपचार यांची सोय करण्याबाबत.

महोदय,

मी निवृत्त परिचारिका आहे आणि नोकरीतली बरीच वर्षे मी या शहरातल्या एका रुग्णालयाच्या सर्जिकल वॉर्डात काढली. पायाच्या जखमा धुणे, कुजलेला भाग काढून झाल्यावर ड्रेसिंग करणे आणि बोट किंवा पाऊल गमावलेल्या माणसाला पुन्हा उभे राहायला मदत करणे हे माझे रोजचे काम होते. त्या अनुभवावरून मला ठामपणे वाटते की वॉर्डात येणारे पुष्कळसे पाय काही महिने आधी कोणी नीट पाहिले असते, तर ते तिथवर आलेच नसते. महापालिकेच्या मोठ्या रुग्णालयांत पायाच्या गंभीर जखमांवर उपचार करणारे निष्णात शल्यचिकित्सक आहेत. माझी विनंती त्यांच्या कितीतरी आधीच्या टप्प्याविषयी आहे. घराजवळच्या दवाखान्यात पाय दाखवायला एक जागा असावी, तिथे पाय पाहायला शिकलेले एक माणूस असावे आणि मधुमेहाच्या प्रत्येक रुग्णाला चपला-बूट काढायला सांगितले जावे, एवढेच माझे म्हणणे आहे.

आज सर्वसामान्य माणसाला पायाची तक्रार कोणाकडे न्यावी हेच कळत नाही. टाच दुखली तर हाडांचा डॉक्टर, चिखल्या झाल्या तर त्वचेचा, नख पिकले तर सर्जन आणि तळव्यांची आग होते म्हटले तर साखर पाहणारा, अशा चार रांगा लावणे हातावर पोट असलेल्या माणसाला परवडत नाही, कारण प्रत्येक रांगेमागे एक खाडा पडतो. मग तो मेडिकलच्या दुकानातून कॉर्न कॅप आणतो, घरच्या ब्लेडने कुरूप कोरतो, कोणाच्या तरी सांगण्यावरून भेगांत बिब्बा घालतो, नाहीतर ‘चालायचंच’ म्हणून चालत राहतो. कोकमतेलाने भेगा मऊ होतात आणि त्याला माझी मुळीच हरकत नाही; बिब्ब्याने मात्र कातडी भाजते, आणि तसे भाजलेले तळवे मी पुरेसे पाहिले आहेत.

जगात पायांच्या कामासाठी स्वतंत्र व्यवसाय आहे. ब्रिटनमध्ये पोडियाट्रिस्ट, म्हणजे पायांच्या विकारांचा तज्ज्ञ, पदवीचे शिक्षण घेतो आणि नियामक मंडळाकडे नोंदणी केल्याशिवाय त्याला ते नाव लावता येत नाही. अमेरिकेत चार वर्षांचा डॉक्टरेटचा अभ्यासक्रम आणि त्यापुढे निवासी प्रशिक्षण झाल्यावर पोडियाट्रिस्ट पायाच्या शस्त्रक्रियाही करतो. आपल्याकडे संसदेने २०२१ साली संलग्न आरोग्य व्यावसायिकांसाठी राष्ट्रीय आयोगाचा कायदा केला आणि त्याच्या अनुसूचीत पोडियाट्रिस्टलाही स्थान दिले. प्रत्यक्षात असे शिकलेले लोक अजून फार थोडे आहेत आणि जे आहेत ते बहुतेक खाजगी दवाखान्यांत आहेत. तेव्हा प्रत्येक दवाखान्यात पोडियाट्रिस्ट नेमा अशी अवास्तव मागणी मी करणार नाही. पण पोडियाट्रिस्ट रोज जे करतो त्यातला मोठा भाग प्रशिक्षित परिचारिकेला करता येतो. नागपूरचे डॉ. शरद पेंडसे आणि त्यांच्या परदेशी सहकाऱ्यांनी या शतकाच्या सुरुवातीला ‘स्टेप बाय स्टेप’ या उपक्रमात डॉक्टर आणि परिचारिका अशा जोड्यांना मधुमेही पायाची निगा राखण्याचे शिक्षण दिले होते. तो मार्ग आपल्याच राज्यात चोखाळलेला आहे.

हे काम नेमके काय असते ते थोडे सविस्तर सांगते, कारण ‘पायांचा दवाखाना’ म्हटले की पुष्कळांच्या डोळ्यांसमोर पार्लरमधले पेडिक्युअर येते.

सर्वांत जास्त ऐकू येणारी तक्रार टाचदुखीची. सकाळी अंथरुणातून उठून पहिले पाऊल टाकले की टाचेत कळ जाते, थोडे चालल्यावर ती ओसरते आणि दुपारी बराच वेळ बसून उठले की पुन्हा येते. टाचेच्या हाडापासून बोटांपर्यंत तळव्यात एक जाड पट्टा असतो आणि तो टाचेशी जिथे जोडलेला असतो तिथे ताणाने दुखावतो. फरशीवर अनवाणी उभे राहून तीन-चार घरची पोळी-भाजी करणाऱ्या बायका, दिवसभर उभे राहणारे सुरक्षारक्षक, वाहतूक पोलीस, दुकानातल्या विक्रेत्या मुली आणि अर्थात परिचारिका यांना हे दुखणे विशेष होते. एक्स-रे काढला की त्यात टाचेचे वाढलेले हाड दिसते आणि ‘हाड वाढलंय’ हे ऐकून माणूस घाबरतो. वास्तविक टाच कधीही न दुखलेल्या कित्येकांच्या एक्स-रेतही ते हाड दिसते. बहुतेक रुग्ण शस्त्रक्रियेशिवाय वर्षभरात बरे होतात. पोटरीचा आणि तळव्याचा ताण काढण्याचे व्यायाम रोज करणे, घरातही मऊ टाचेची चप्पल घालणे, गोठवलेल्या पाण्याची बाटली तळव्याखाली फिरवणे आणि वजन थोडे कमी करणे हा मुख्य उपचार. हे सगळे शिकवायला एका माणसाची दहा-पंधरा मिनिटे लागतात, आणि गर्दीच्या ओपीडीत डॉक्टरकडे नेमकी तीच नसतात. त्यामुळे वेदनाशामक गोळ्यांची चिठ्ठी मिळते, गोळ्यांनी पित्त होते आणि टाच दुखतच राहते. टाचेत स्टेरॉइडचे इंजेक्शन कधी कधी उपयोगी पडते. पण ते वारंवार घेतले तर तळव्याखालची चरबीची गादी झिजते, पट्टा तुटूही शकतो, हे घेणाऱ्याला आधी सांगितले गेले पाहिजे.

कुरूप हा आजार नसून एकाच जागी सतत पडणाऱ्या दाबाला कातडीने दिलेले उत्तर आहे, आणि त्यामुळेच नुसते कोरून काढलेले कुरूप काही आठवड्यांत परत येते. पोडियाट्रिस्ट घट्ट झालेली कातडी धारदार पात्याने पातळ थरांत तासून काढतो, मधला कठीण गाभा उचलतो आणि मग चपलेत नेमक्या त्या जागी दाब कमी होईल अशी गादी बसवतो. हे कौशल्याने केले तर भूल द्यावी लागत नाही. त्याआधी ते कुरूप आहे की चामखीळ आहे हेही ओळखावे लागते. चामखीळ विषाणूमुळे होते, दोन्ही बाजूंनी चिमटीत धरून दाबले की जास्त दुखते आणि वरची कातडी तासली की काळे ठिपके दिसतात. कॉर्न कॅपमध्ये सॅलिसिलिक आम्ल असते आणि त्याला कुरूप कुठे संपते आणि निरोगी कातडी कुठे सुरू होते हे कळत नाही. मधुमेही माणसाने ती लावणे म्हणजे स्वतःच्या हाताने जखम करून घेणे होय.

नखांबद्दल थोडक्यात. अंगठ्याचे नख कडांना गोल कापले की त्याची टोकदार कड मांसात घुसते, बोट सुजते आणि पू होतो. अँटिबायोटिकने सूज तात्पुरती उतरते, पण टोचणारी कड आत असेपर्यंत दुखणे जात नाही. बोटाला भूल देऊन नखाची तेवढी कड काढणे आणि ती पुन्हा वाढू नये म्हणून तिच्या मुळाशी फिनॉल हे रसायन लावणे हा छोटासा उपाय आहे. म्हातारपणी नखे जाड होतात, कंबर वाकत नाही, नजर साथ देत नाही, आणि नखे कापून देणारे घरात कोणी नसते. एकट्या राहणाऱ्या ज्येष्ठ नागरिकांसाठी ही सोय झाली तरी मोठे काम होईल. अंगठ्याच्या मुळाशी बाहेर आलेले हाड आणि सपाट तळवे यांबद्दल एवढेच म्हणते की दुखत नसतील तर ते तसेच असू द्यावेत आणि दुखत असतील तर आधी पादत्राण बदलून पाहावे.

आता आपल्या शहराच्या पावसाळ्याविषयी. जूनपासून सप्टेंबरपर्यंत लाखो मुंबईकरांचे पाय दिवसभर ओले असतात. स्टेशनातून भिजत निघायचे, ओल्या बुटांत कार्यालयात बसायचे आणि संध्याकाळी त्याच बुटांत परतायचे. बोटांच्या बेचक्यात कातडी पांढरी पडते, सोलते, खाजते आणि मग चिरते. चिखल्यांवर मेंदी लावण्याचा घरगुती उपाय होतो, पण बुरशीची लागण झाली असेल तर साधे बुरशीनाशक मलम नेमाने आणि सांगितलेल्या मुदतीपर्यंत लावणे, बेचके कोरडे पुसणे आणि बुटांचा एक जोड वाळत ठेवून दुसरा वापरणे यानेच ती जाते. दुकानात मात्र ‘खाज लगेच थांबेल’ म्हणून स्टेरॉइड मिसळलेले मलम हातात पडते. खाज थांबते, बुरशी पसरते, आणि अशा मलमांमुळे देशभर औषधांना दाद न देणाऱ्या गजकर्णाची केवढी डोकेदुखी झाली आहे हे आपल्या त्वचारोगतज्ज्ञांना विचारावे.

चिरलेले बेचके ही फक्त खाजेची गोष्ट नाही. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला आणि त्यानंतर शहरात लेप्टोस्पायरोसिसची साथ आली. उंदीर आणि गुरांच्या मूत्राने दूषित झालेल्या पाण्यातले जंतू शरीरात शिरतात ते बहुधा पायांच्या चिरांतून आणि खरचटलेल्या जागांतून. पाणी तुंबले की आपले खाते दरवर्षी सूचना काढते की अशा पाण्यातून चाललेल्यांनी ७२ तासांच्या आत डॉक्टरांच्या सल्ल्याने प्रतिबंधक औषध घ्यावे, आणि ती योग्यच आहे. त्याच्या जोडीने मे महिन्यात, पाऊस येण्यापूर्वी, ज्यांचे काम पाण्यातच असते त्यांचे पाय पाहून घ्यावेत, भेगा-चिखल्यांवर उपचार करावेत आणि जखम असेल त्याला पाण्यात उतरवू नये. सफाई कामगार आणि मलनिस्सारण वाहिन्यांवर काम करणारे यांचा हक्क यात पहिला. गमबूट काच-खिळ्यांपासून वाचवतो, पण एकदा आत पाणी गेले की तोच पाय तासन्‌तास भिजवून ठेवतो. म्हणून प्रत्येकाला दोन जोड, सुती मोजे आणि स्त्रियांच्या पायाला बसतील अशी मापे मिळावीत. सैल बुटाने टाचेला फोड येतो, आणि फोड आला की माणूस बूट काढून ठेवतो.

मधुमेहाकडे मी मुद्दाम शेवटी येते आहे, कारण हे पत्र लिहिण्याचे खरे कारण तेच आहे. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीनुसार देशात १०.१ कोटी लोकांना मधुमेह आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या सहकार्याने २०२१ साली मुंबईत झालेल्या स्टेप्स सर्वेक्षणात १८ ते ६९ वर्षांच्या सुमारे १८ टक्के लोकांची उपाशीपोटीची साखर वाढलेली आढळली. मधुमेही माणसाला आयुष्यात कधी तरी पायाला जखम होण्याची शक्यता १९ ते ३४ टक्के असते असे या विषयातले संशोधक मानतात, आणि मधुमेहामुळे पाय कापावा लागतो तेव्हा बहुतेक वेळा सुरुवात एका छोट्या जखमेनेच झालेली असते. साखरेने नसा बधिर होतात आणि रक्तवाहिन्या अरुंद होतात. त्यामुळे जखम झालेली कळत नाही आणि कळली तरी लवकर भरत नाही.

एक टॅक्सीचालक आमच्याकडे ताप येतो म्हणून आले होते. डावा बूट काढायला लावला तर मोजा तळव्याला चिकटलेला. सलाइन ओतून तो भिजवला आणि हळूहळू सोडवला, तेव्हा करंगळीच्या मागे रुपयाच्या नाण्याएवढी जखम दिसली आणि बुटाच्या अस्तरातून वर आलेले खिळ्याचे टोकही. त्या खिळ्यावर पाय ठेवून ते किती दिवस क्लच दाबत होते हे त्यांना सांगता येईना, कारण दुखतच नव्हते. तापाच्या गोळ्या त्यांना आधी दोन ठिकाणी मिळाल्या होत्या. बूट काढायला कोणी सांगितले नव्हते.

तो बधिरपणा ओळखायला महागडे यंत्र लागत नाही. मोनोफिलामेंट नावाचा नायलॉनचा जाड धागा असतो, तो १० ग्रॅम दाबाला वाकतो. रुग्णाला डोळे मिटायला सांगून अंगठा आणि चवड्याच्या ठरावीक जागांवर तो टेकवायचा आणि ‘कळतंय का?’ एवढे विचारायचे. ज्याला कळत नाही त्याचा पाय धोक्यात आहे. जोडीला १२८ हर्ट्झचा ट्यूनिंग फोर्क अंगठ्याच्या हाडावर धरून कंपने जाणवतात का ते पाहायचे, पावलावरची नाडी बोटांनी चाचपायची, आणि ती लागत नसेल तर हातात मावणाऱ्या, रक्ताचा प्रवाह ऐकवणाऱ्या डॉप्लर यंत्राने घोट्याचा व दंडाचा रक्तदाब ताडून पाहायचा. घोट्याच्या दाबाला दंडाच्या दाबाने भागून येणारे गुणोत्तर ०.९ पेक्षा कमी आले तर रक्तपुरवठा कमी आहे असे समजून पुढे पाठवायचे. ज्याचे सगळे ठीक आहे त्याला वर्षातून एकदा बोलवावे. बधिरपणा आहे त्याला सहा महिने ते वर्षभरात, बधिरपणासोबत पायाचे व्यंग किंवा रक्तपुरवठ्याची कमतरता आहे त्याला तीन ते सहा महिन्यांनी आणि पूर्वी जखम झाली होती किंवा बोट काढले आहे त्याला एक ते तीन महिन्यांनी. हे वेळापत्रक आंतरराष्ट्रीय तज्ज्ञगटाने आखलेले आहे, आपल्याला फक्त वहीत उतरवायचे आहे.

एक खूण मात्र प्रत्येक डॉक्टरला आणि परिचारिकेला पाठ असावी. मधुमेही माणसाचे पाऊल अचानक सुजले, लाल झाले, दुसऱ्या पावलापेक्षा गरम लागते, तरीही फारसे दुखत नाही, तर तो शारको पाय असू शकतो. आतली हाडे खचू लागलेली असतात आणि सुरुवातीचा एक्स-रे चांगला येऊ शकतो. जंतुसंसर्ग समजून गोळ्या देऊन त्याला चालत घरी पाठवले तर पावलाची कमान मोडते. त्याला त्याच दिवशी तज्ज्ञाकडे पाठवून पाऊल प्लास्टरमध्ये स्थिर करावे लागते.

आपल्या चालीरीतींचाही इथे विचार करावा लागतो. नवरात्रात नऊ दिवस वहाणा न घालणाऱ्या बायका, अंगारकीला रात्री अनवाणी सिद्धिविनायकाला चालत जाणारी मंडळी, एप्रिलच्या उन्हात तापलेल्या फरशीवरून प्रदक्षिणा घालणारे भाविक, यांच्यात बधिर पायांचे लोक असतातच आणि फोड आल्याचे त्यांना घरी गेल्यावर, तेही दुसऱ्याने दाखवल्यावर कळते. श्रद्धेत ढवळाढवळ करण्याचा माझा हेतू नाही. मीही चालत गेलेली आहे. परंतु ज्याला मोनोफिलामेंट कळत नाही त्याला हे व्रत बाधणार आहे, असे दवाखान्यातल्या माणसाने स्पष्ट सांगितले तर लोक ऐकतात. देवळात जाड मोजे घालून जाण्याला कोणत्याही देवाची ना नसते.

बधिर पाय कसा जपायचा हे शहराला नव्याने शिकावे लागणार नाही, हा या पत्रातला माझा सर्वांत महत्त्वाचा मुद्दा आहे. वडाळ्याचे अ‍ॅक्वर्थ रुग्णालय १८९० साली सुरू झाले आणि आज ते महापालिकेचेच आहे. कुष्ठरोगातही नसा मरतात, दुखणे कळत नाही आणि चालता चालता तळव्याला व्रण पडतात. वेल्लोरला काम केलेल्या डॉ. पॉल ब्रँड यांनी गेल्या शतकाच्या मध्यात हे दाखवून दिले की कुष्ठरोग्यांची बोटे रोगाने आपोआप ‘झडत’ नाहीत. वेदना नसल्यामुळे पुन्हा पुन्हा होणाऱ्या इजांनी ती जातात. त्यातूनच मऊ एमसीआर (सूक्ष्म छिद्रांच्या) रबराच्या चपला, रोज पाय पाहण्याची सवय, व्रणाला विश्रांती देणारे प्लास्टर ही सगळी पद्धत रुजली, आणि राष्ट्रीय कुष्ठरोग निर्मूलन कार्यक्रमात तशा चपला आजही दिल्या जातात. मधुमेही बधिर पायाला अगदी हेच लागते. कुष्ठरोगाच्या रुग्णाला मिळते ती चप्पल मधुमेहाच्या रुग्णाला दवाखान्यातून का मिळू नये, याचे समाधानकारक उत्तर मला कधी सापडले नाही. धारावीत चामड्याचे काम करणारे कुशल कारागीर आहेत, हाजीअलीला केंद्र सरकारची भौतिक चिकित्सा व पुनर्वसन संस्था आहे, वडाळ्याला अनुभव आहे. या तिघांना एकत्र बसवण्याचे काम फक्त महापालिकाच करू शकते.

म्हणून माझी विनंती अशी. एखाद्या विभागापासून सुरुवात करावी आणि तिथल्या दवाखान्यांतल्या काही परिचारिकांना पायांच्या निगेचे प्रशिक्षण द्यावे. आठवड्यातून ठरलेल्या दिवशी पायांचे सत्र असावे आणि ते शक्यतो संध्याकाळी असावे, म्हणजे कोणाला खाडा करावा लागणार नाही. साहित्यात मोनोफिलामेंट, ट्यूनिंग फोर्क, डॉप्लर, नखे कापायचे चांगले निपर, पाती, ती उकळण्याऐवजी ऑटोक्लेव्ह करण्याची, म्हणजे दाबाखालच्या वाफेने निर्जंतुक करण्याची सोय आणि रुग्णाचा पाय परिचारिकेच्या डोळ्यांच्या पातळीवर येईल अशी एक उंच खुर्ची हवी. खुर्चीचा आग्रह किरकोळ वाटेल, पण वाकून, अंधाऱ्या कोपऱ्यात पाहिलेला पाय हा न पाहिल्यासारखाच असतो. उघडी जखम, काळे पडलेले बोट किंवा गरम सुजलेले पाऊल दिसले तर रुग्णालयात कोणत्या विभागात, कोणाकडे पाठवायचे हे कार्डावर आधीच छापलेले असावे, म्हणजे रुग्णाला तिथे पुन्हा नव्या रांगेत उभे राहावे लागणार नाही. घरोघरी जाणाऱ्या आरोग्य सेविकांना एवढेच शिकवावे की मधुमेह्याच्या घरी गेल्यावर तळवे पाहायचे, बोटांच्या बेचक्यात पाहायचे, आणि पाय शेकायला गरम पाणी घेऊ नका हे सांगायचे.

पहिल्या वर्षी किती पाय तपासले, किती बधिर निघाले, किती जखमा भरल्या आणि किती जणांची बोटे काढावी लागली याची नोंद ठेवून ती जाहीर करावी. आकडे चांगले नसले तरी चालतील, पुढच्या विभागात काय बदलायचे ते त्यांवरूनच कळेल. प्रशिक्षणाच्या वेळी ड्रेसिंग शिकवायला अनुभवी हात हवे असतील तर माझ्यासारख्या निवृत्त परिचारिका शहरात पुष्कळ आहेत आणि बोलावले तर आम्ही मानधनाची अपेक्षा न ठेवता येऊ. पावसाळ्याच्या आधी निर्णय झाला तर सफाई कामगारांची तपासणी याच वर्षी होऊ शकेल.

आपली नम्र,
एक निवृत्त परिचारिका,
परळ, मुंबई